जिल्ह्याचा इतिहास शोधताना या चुका टाळा : जुनी वृत्तपत्रे, शिलालेख आणि सातारा

सातारा जिल्ह्याच्या स्थानिक इतिहासावर लिहिलेली हस्तलिखिते गेली काही वर्षे माझ्याकडे वाचनासाठी येतात. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी असते आणि कष्टही खरे असतात. परंतु त्याच त्या चुका इतक्या नेमाने आढळतात की, त्या एकदा लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. त्यांतील बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे : जुना कागद किंवा जुना दगड आजच्या तारखेने आणि आजच्या नकाशाने वाचणे.

यांतील सर्वांत महागात पडणारी चूक मी स्वतः केलेली आहे. आमच्या गावाशेजारच्या एका मंदिराच्या उत्सवानिमित्त निघालेल्या पुस्तिकेत सभामंडपाचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. चौकटीवरील लेखातला तिसरा अंक झिजलेला होता. भर दुपारच्या उन्हात घेतलेल्या एकाच छायाचित्रावरून मी तो ३ असा वाचला, शके १७३२ म्हणजे इ. स. १८१० असा हिशेब केला, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बांधकाम म्हणून दोन पाने लिहिली. पुस्तिका छापून वाटली गेल्यानंतर एका निवृत्त शिक्षकांनी मला शांतपणे विचारले, “लेखात शार्वरी नाम संवत्सर स्पष्ट दिसते आहे, त्याचे काय केलेत?” मी त्याचे काहीच केले नव्हते. संवत्सर म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातले त्या वर्षाचे नाव, आणि शके १७३२ चे संवत्सर प्रमोद आहे. शार्वरी येते ते शके १७६२ मध्ये. तो अंक ३ नसून ६ होता. शिवाय महिना माघ होता, म्हणजे ७८ मिळवून १८४० लिहिणेही चुकीचेच ठरले असते. ते वर्ष १८४१ होते. तोवर पेशवाई संपून दोन तपे होत आली होती, १८३९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले होते आणि गादीवर त्यांचे बंधू अप्पासाहेब होते. सभामंडप कोणाच्या काळात आणि कोणत्या परिस्थितीत उभा राहिला, हे सारेच त्या एका अंकाने बदलले. चुकीची पुस्तिका मात्र आजही लोकांच्या घरी आहे आणि तिच्यातले वर्ष इतरांच्या लेखांत उतरत आहे.

तेव्हापासून मी एक सवय पाळतो. शकात १२ मिळवून ६० ने भागतो आणि बाकी राहील तितक्या क्रमांकाचे संवत्सर प्रभवापासून मोजतो. बाकी शून्य आली तर शेवटचे, म्हणजे क्षय. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६ घेतला तर बाकी ४८ येते आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद हेच येते. शक आणि संवत्सर जुळल्याशिवाय मी वर्ष लिहीत नाही. इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, आणि पौष महिना दोन्ही वर्षांत विभागला जाऊ शकत असल्याने त्यासाठी जंत्री, म्हणजे तिथी आणि तारखा जुळवून दाखवणारे कोष्टक, पाहावीच लागते. लेखाचे छायाचित्र सकाळी किंवा सायंकाळी, तिरप्या उजेडात घ्यावे. अक्षरे उठावदार दिसावीत म्हणून तारेच्या ब्रशने दगड घासणारे किंवा त्यात ऑइलपेंट भरणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत; त्यांनी पुढच्या वाचकाचा पुरावाच नष्ट केलेला असतो.

दुसरी चूक हद्दीची. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावला, ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला मोर्चे निघाले. त्या वेळच्या वृत्तपत्रांच्या दृष्टीने या तिन्ही घटना सातारा जिल्ह्यातल्याच होत्या. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे आजच्या तालुक्यांची यादी समोर ठेवून शोध घेणाऱ्याला साताऱ्यात फक्त वडूज सापडते आणि ज्या कुंडलच्या परिसरातून प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिशांना समांतर असा लोकांचा कारभार, चालले, तो परिसरच त्याच्या साताऱ्यातून निसटतो. फलटण आणि औंध यांच्या बाबतीत हे उलट घडते : ती १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थाने होती, म्हणून तेथील कारभाराचे कागद ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात शोधत बसणे व्यर्थ आहे. मी प्रत्येक विषयाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्या वर्षीची हद्द हाताने काढतो. नवशिक्यांना हे वेळखाऊ वाटते. परंतु ते न करता सुरू केलेले काम मी अर्ध्यावर सोडलेले पाहिले आहे.

वृत्तपत्राच्या अंकाची तारीख ही घटनेची तारीख नसते. केसरी ४ जानेवारी १८८१ रोजी, मंगळवारी, सुरू झाला. अशा साप्ताहिकात “गेल्या गुरुवारी” असे आले तर अंकाच्या वारापासून मागे मोजावे, आणि मजकूर बाहेरगावच्या बातमीदाराचा असेल तर त्याच्या पत्राखालच्या तारखेपासून मोजावे. एका वृत्तपत्राने दुसऱ्याची बातमी उचललेली असल्यास ते दोन पुरावे होत नाहीत.

केवळ संगणकावर शब्द टाकून शोधू नये. कराड तेथे कऱ्हाड असेल, महाबळेश्वरची बातमी माल्कमपेठ या नावाखाली असेल, आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईत अनुस्वारांची रेलचेल असल्याने यंत्राला निम्मे शब्द ओळखता येत नाहीत. काही सापडले नाही, असे म्हणण्यापूर्वी किमान त्या महिन्याचे अंक पानोपान चाळावेत. जाहिराती आणि लिलावाच्या नोटिसाही वगळू नयेत, कारण वाड्याच्या मालकाचे नाव पुष्कळदा तेथेच मिळते.

एकाच मताच्या पत्रावर विसंबू नये. साताऱ्यात सत्यशोधक चळवळ जोरात होती, त्या वर्षांचा इतिहास केवळ तिच्या विरोधी मताच्या केसरीवरून लिहिणे हा त्या चळवळीवर अन्याय आहे.

काळ्या दगडाच्या प्रत्येक देवळाला हेमाडपंती म्हणू नये.

जीर्णोद्धाराच्या फरशीवरचे वर्ष मूळ बांधकामाचे म्हणून देऊ नये.

कात्रणाच्या छायाचित्रात पत्राचे नाव, तारीख आणि पृष्ठांक आलाच पाहिजे. माझ्याकडे आलेल्या एका उत्तम हस्तलिखितात अशी चाळीसच्या वर कात्रणे होती आणि त्यांपैकी एकावरही तारीख नव्हती. ते हस्तलिखित मला परत पाठवावे लागले, आणि लेखकाने आता पहिल्या अंकापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली आहे.