एक्सप्रेसवेवर गाडी काढायची म्हटलं की पोटात गोळा येतो? मग या चुका टाळा

सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून आरामात वाट काढणारी, लक्ष्मी रोडला पार्किंग शोधून दाखवणारी माणसंसुद्धा किवळ्याला एक्सप्रेसवेवर चढायची वेळ आली की हळूच चावी दुसऱ्याच्या हातात देतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ ला पूर्ण सुरू झाला, लांबी जेमतेम ९४.५ किलोमीटर, तरी आजही बऱ्याच घरांत एक मामा किंवा काकू असतातच ज्या म्हणतात आम्ही आपले जुन्या हायवेनेच येतो बाबा. आणि दुसरीकडे मुंबई-नागपूरच्या समृद्धी महामार्गावर चढले की सीट मागे करून एका हाताने स्टिअरिंग धरणारे वीर आहेत, त्यांना कसलीच भीती वाटत नाही. माझं मत असं की दोघंही चुका करतात, फक्त घाबरलेल्याच्या चुका वेगळ्या आणि कंटाळलेल्याच्या वेगळ्या, त्यामुळे दोघांना एकच "सावकाश जा रे" सांगून काही उपयोग होत नाही.

घाबरून हळू चालवणं, आणि तेही मधल्या लेनमध्ये

ही सगळ्यात कॉमन. डावीकडे ट्रक असतात, ट्रकची भीती वाटते, म्हणून नवीन माणूस मधली लेन पकडतो आणि तिथे ५०-५५ ने चालत राहतो, कारण त्याला वाटतं हळू म्हणजे सेफ. आता मागून येणारी गाडी १०० वर आहे. म्हणजे ती तुमच्यावर ताशी ५० च्या फरकाने चालून येतेय, सेकंदाला साधारण १४ मीटर. मग लोक डावीकडून पण कट मारतात, उजवीकडून पण, हॉर्न, डिपर, आणि आपला माणूस अजून घाबरून अजून हळू होतो. हळू जायचं तर डाव्या लेनमध्ये जा, मधल्या लेनमध्ये राहायचं तर ८० तरी ठेवा. उजवी लेन ओव्हरटेकची, काम झालं की परत आत यायचं. (उजव्या लेनमध्ये ६० ने रांगणारे ट्रक आपल्याकडे आहेतच, त्यांच्या मागे लागून चिडण्यात अर्थ नाही, एकदा डिपर द्या, नाही सरकला तर सोडा.)

याच्याच आधीची चूक म्हणजे चढताना रॅम्पच्या टोकाला थांबणं. शहरातल्या सिग्नलची सवय असते, रस्ता मोकळा होईल मग जाऊ. पण थांबलात की शून्यापासून ८० ला न्यायचंय आणि तेवढी जागाच उरत नाही. रॅम्पवर असतानाच गिअर खाली घेऊन रेस द्या, आरसा बघा, मान वळवून एकदा बघा, इंडिकेटर चालू ठेवा आणि गॅप मिळाली की शिरा.

ट्रकच्या शेजारी रेंगाळणं

ट्रकची भीती खोटी नाहीये. छोटी हॅचबॅक असेल तर ट्रकला ओव्हरटेक करताना वाऱ्याने गाडी आधी थोडी आत ओढल्यासारखी वाटते आणि मग ट्रकच्या तोंडाशी बाहेर ढकलली जाते, नवीन माणूस दचकून स्टिअरिंग झटकतो. झटकू नका, दोन्ही हातांनी सैलसर धरून ठेवा, ती हालचाल आपोआप निघून जाते. खरी चूक ही की लोक अर्ध्या ओव्हरटेकला येऊन कच खातात आणि ट्रकच्या बरोबरीने चालत राहतात. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात, आणि आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो म्हणून डाव्या बाजूचं त्याला अजूनच कमी दिसतं. त्यामुळे डावीकडून ओव्हरटेक करताना जास्त सांभाळा, आणि ट्रकच्या पुढे जागा असल्याशिवाय ओव्हरटेक सुरूच करू नका, सुरू केलात की पूर्ण करा.

गाडीची थरथर आपल्या मनात घालून घेणं

हे कोणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. खूप जणांना एक्सप्रेसवेची भीती म्हणजे खरंतर गाडीच्या आवाजाची भीती असते. काँक्रीटवर टायरचा आवाज डांबरापेक्षा जास्त येतो, तो नॉर्मल आहे. पण बरोबर ८० ते १०० च्या मध्ये स्टिअरिंग थरथरायला लागलं, आणि त्याच्या खाली शांत, तर व्हील बॅलन्सिंग बिघडलंय, शहरात ४० ने चालवताना कधी कळत नाही. गाडी सतत एका बाजूला ओढतेय तर आधी चारही टायरची हवा बघा, मग अलाइनमेंट. फक्त ब्रेक मारल्यावरच स्टिअरिंग हादरत असेल तर डिस्क दाखवा मेकॅनिकला. ही कामं करून घेतल्यावर कित्येकांची निम्मी भीती जाते.

आणि हवा. उन्हाळ्यात लोक मुद्दाम हवा कमी करून निघतात, गरम होऊन वाढेल आणि टायर फुटेल म्हणून. उलटं आहे हो! हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते, त्याने टायर आतून जास्त तापतो, आणि तासनतास १००-१२० ने पळवल्यावर तोच फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर लिहिलेली हवा भरायची, टायर थंड असताना, आणि गाडी भरलेली असेल तर त्या स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा. टायरवर चार आकडे असतात तेही वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी छान दिसते म्हणून सात-आठ वर्षांचे टायर समृद्धीवर नेऊ नका. समृद्धीवर आरटीओने मध्यंतरी गुळगुळीत टायरच्या गाड्या चढायच्या आधीच अडवायला सुरुवात केली होती, लोकांनी खूप कटकट केली, मला तरी ते बरोबर वाटलं.

अंतर ठेवलं की कोणीतरी घुसतं म्हणून अंतरच न ठेवणं

१०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तीन सेकंदांचं अंतर म्हणजे ८३-८४ मीटर. पुढची गाडी एखाद्या बोर्डाजवळून गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" मनात म्हणा, त्याच्या आत तुम्ही तिथे पोचलात तर तुम्ही चिकटलाय. हो, त्या गॅपमध्ये कोणीतरी घुसणारच, घुसू द्या, परत थोडं मागे व्हा. यात इगो दुखावतो हे खरंय पण वेळ फार जात नाही. अख्खा ९४.५ किलोमीटरचा पट्टा १०० ने काढला तर ५७ मिनिटं, ८० ने काढला तर ७१. चौदा मिनिटांचा फरक, तोही कागदावर, कारण घाटात कारला लिमिट ६० आहे, कॅमेरे लागलेत, आणि चलान घरी येतं.

घाटात न्यूट्रल, नाहीतर सतत ब्रेकवर पाय

बोरघाट मुंबईकडे उतरताना भीतीचा आणि आळसाचा दोन्हीचा कळस होतो. आळशी माणूस पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करतो, घाबरलेला पूर्ण घाटभर ब्रेकवर पाय ठेवून बसतो. दोघांचे ब्रेक तापतात. ब्रेक खूप तापले की पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही, आणि त्याच्या आधी एक करपट वास येतो, क्लच जळाल्यासारखा, तो खिडकीच्या फटीतून आत येतो आणि लोकांना वाटतं पुढच्या ट्रकचा असेल. असेलही ट्रकचा, पण स्वतःचा पाय कुठे आहे ते आधी बघा. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरा, तिसरा बहुतेक वेळा पुरतो, इंजिन गाडीला धरून ठेवतं, मग ब्रेक मारायचा तर थोडा जोरात मारून सोडायचा. ऑटोमॅटिकवाल्यांनो, तुमच्या लिव्हरवर एल, एस किंवा प्लस-मायनस दिलंय ते याच्यासाठीच आहे, शोभेला नाही.

पावसाळ्यात घाटात धुकं आलं की अर्धा महाराष्ट्र चारही इंडिकेटर लावून चालतो. कृपा करून नको. चारही लुकलुकत असतील तर तुम्ही लेन बदलताय की उभे आहात हे मागच्याला कसं कळणार? लो बीम लावा, फॉग लॅम्प असेल तर तो, हाय बीम धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांवर येतो. बोगद्याचंही तसंच, भाताण किंवा कामशेतच्या बोगद्यात शिरायच्या आधीच लाईट लावा आणि गॉगल काढा, आत गेल्यावर शोधाशोध करू नका.

समृद्धीवर "काय मस्त रोड आहे" म्हणत झोप ओढवून घेणं

नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर. पहिला नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ ला उघडला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे जून २०२५ ला. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली, तेव्हापासून विदर्भातल्या कितीतरी घरांत समृद्धी म्हटलं की आई-वडील नकोच म्हणतात. आणि जे जातात त्यांची अडचण बरोब्बर उलटी असते, गाडीत बसून काही करायलाच नसतं. सिग्नल नाही, म्हैस नाही, वळण नाही, क्रूझ लावला की पायालाही काम नाही. डोळे उघडे असतात पण मेंदू बंद व्हायला लागतो. मागचा इंटरचेंज कधी गेला आठवत नाही, गाडी लेनच्या पट्ट्यावर चढते आणि परत येते, एकसारख्या जांभया, ही लक्षणं दिसली तर तुम्ही दमलेले नाही, झोपेतच आहात. १२० ला चार सेकंद डोळा लागला तर गाडी १३० मीटरच्या वर पुढे गेलेली असते.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडात काहीतरी टाकणं, याने पाच-दहा मिनिटं बरं वाटतं इतकंच. चालतं ते असं: सर्व्हिस एरियाला थांबा, चहा किंवा कॉफी प्या आणि लगेच सीट मागे करून वीस मिनिटं झोपा, कॉफीचा असर व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो त्यामुळे उठल्यावर दोन्हीचा फायदा. पहाटे दोन ते पाच आणि जेवणानंतरची दुपार, या वेळा शक्यतो टाळा, त्यातही लग्न आटपून रात्रीच नागपूरहून निघायचं फॅड तर अजिबात नको. क्रूझ लावा हवं तर, पण अधूनमधून बंद करून पायाने चालवा, आणि पाऊस असेल तर क्रूझ लावूच नका.

एक अजून, समृद्धीवरून खाली उतरलात की १५-२० मिनिटं स्पीडोमीटर बघत चला. दोन-तीन तास १२० ची सवय लागल्यावर ८० म्हणजे उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि समोर गावातली शाळा असते.

गाडीतली बाकीची माणसं

नवीन ड्रायव्हर घाबरतो त्यात शेजारच्याचा वाटा मोठा असतो. "अहो हळू", "अगं ब्रेक", "तो बघ आला", आणि वर डॅशबोर्ड गच्च धरायचा. सूचना देणारा एकच माणूस ठरवा, त्याचं काम मॅप आणि एक्झिट बघायचं, ब्रेकवर त्याचा हक्क नाही. आणि मागे बसलेल्यांनी बेल्ट लावायचा, आजीपासून सगळ्यांनी. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हा ते मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता, मग महिनाभर सगळ्यांनी मागचे बेल्ट लावले आणि आता परत ते सीट कव्हरखाली गाडले गेलेत.

पहिल्यांदाच शुक्रवारी संध्याकाळी निघणं

लॉंग वीकेंडच्या आदल्या रात्री बोरघाटात क्लचवर पाय ठेवून तीन तास काढले की माणूस परत हायवेचं नाव घेत नाही. सरावाला मधला वार, सकाळी उजाडल्यावर. पुणेकरांनी किवळ्याहून चढून लोणावळ्याला उतरावं, घाट लागत नाही आणि बोगदा मात्र मिळतो. मुंबईकरांनी कळंबोलीहून खोपोलीपर्यंत. एवढंच दोन-चारदा करा, घाट नंतर.

एक्झिट चुकला तर? चुकू द्या. शोल्डरवरून रिव्हर्स घेणारे महाभाग रोज दिसतात, त्यांच्यासारखं काही करू नका. पुण्याकडे येताना लोणावळा चुकला तर तळेगावला उतरून जुन्या हायवेने मागे या, अर्धा-पाऊण तास जाईल.

गाडी बंद पडली किंवा टायर फुटला की

बंद पडली तर शक्य तितकी डावीकडे घ्या, आता लावा चारही इंडिकेटर, आणि सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा. गाडीत बसून राहायचं नाही, गाडीच्या मागे उभं राहून तर फोटोही काढायचा नाही. तांबडा त्रिकोण गाडीबरोबर येतो, तो डिकीतल्या स्टेपनीजवळ असतो, निघायच्या आधी एकदा काढून बघा. तो निदान ५० मीटर मागे ठेवा, जाताना रेलिंगच्या पलीकडून चालत जा. उजव्या बाजूचं चाक स्वतः बदलायला बसू नका, मदत मागवा. कोणाला लागलं असेल तर १०८, बाकी ११२.

टायर पळत्या गाडीत फुटला तर पाय आपोआप ब्रेककडे जातो, तोच अडवायचा. स्टिअरिंग घट्ट सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडीचा वेग आपोआप पडू द्या, ४०-५० च्या खाली आल्यावर हलका ब्रेक आणि डावीकडे. स्टेपनीत हवा आहे ना ते मात्र घरीच बघून निघा, ती वर्षभर कोणी तपासत नाही.