बेवारस माणसाची कादंबरी लिहिताना

समाजाने बाजूला टाकलेल्या माणसावर कादंबरी लिहायची आणि तो गेल्यावर त्याला कोण कसं आठवतं हाच तिचा गाभा ठेवायचा, तर कथानकाला हात घालण्याआधी एक काम करा. त्या मरणाच्या खुणा कुठे-कुठे उरतील, ते लिहून काढा. जिवंतपणी ज्याची कुठल्याच कागदावर धड नोंद नसते, त्याची मेल्याबरोबर पाच-सहा ठिकाणी नोंद होते: पोलीस ठाण्याची डायरी, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, शवागाराची वही, जन्म-मृत्यू निबंधकाचं रजिस्टर, स्मशानाची वही. ही विसंगती लेखकाच्या हाती आयतीच येते. बहुतेक जण ती वाया घालवतात, कारण ते थेट माणसाच्या ‘दुःखात’ शिरतात.

मयत एकच निवडा. ‘उपेक्षितांचं जग’ असा विषय घेतला की माणसं नमुने होतात. एक माणूस, त्याचं एक काम, त्याची बसायची एक जागा. इथे उदाहरणादाखल एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा घेऊ. कुठून आला ते कुणाला ठाऊक नाही, आणि जून ते सप्टेंबर सोडले तर त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

आधी कागद

रस्त्यावर, फलाटावर किंवा स्टँडवर अनोळखी माणूस मेलेला सापडला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि मृतदेहाचा पंचनामा होतो, ज्याला इंग्रजीत ‘इन्क्वेस्ट’ म्हणतात. कादंबरीचा काळ १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ लागतं. त्यानंतरचा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. ही चूक हमखास होते, आणि जाणता वाचक तिथेच पुस्तकावरचा विश्वास सोडतो. मरण रेल्वेच्या हद्दीतलं असेल तर लोहमार्ग पोलीस येतील, गावचं ठाणं नव्हे.

पंचनाम्याची भाषा कानावर घ्या. ती साधारण अशी चालते:

‘मयत अनोळखी पुरुष, वय अंदाजे ५५ ते ६० वर्षे, उंची ५ फूट ४ इंच, बांधा सडपातळ, रंग सावळा, चेहरा उभट, डोक्याचे केस पांढरे व वाढलेले, दाढी-मिशी वाढलेली. अंगात निळसर हाफ शर्ट, नेसणीस खाकी पँट. डाव्या मनगटाजवळ मराठीत “अनुसया” असे गोंदलेले. प्रेताजवळ जुन्या वापरत्या छत्र्या नग ३, पक्कड नग १, तारेचे वेटोळे.’

यात एकही भावनेचा शब्द नाही, म्हणूनच ‘अनुसया’ हा शब्द एवढा जोरात लागतो. ‘पाणावलेले डोळे’, ‘सुरकुतलेला चेहरा’ असं काही आत घुसडू नका. हवालदार ते लिहीत नाही. कागद मात्र थोडेच वापरा. सत्तर हजार शब्दांच्या कादंबरीत अशा दस्तऐवजांना मिळून दीड-दोन हजारांपेक्षा जास्त जागा दिली की ती फाईल होते.

पंच निवडताना वेळ घ्या. कायद्याला आसपासच्या वस्तीतले किमान दोन प्रतिष्ठित माणसं लागतात, आणि स्टँडवर ती म्हणजे चहावाला, पेपरवाला, पानवाला. आदल्या रात्री ज्याने ‘ऊठ इथून’ म्हणून म्हाताऱ्याला हटकलं, तोच सकाळी पंच म्हणून सही करतोय असं ठेवून बघा. सही करताना त्याने काही बोलायची गरज नाही. त्याच्या वाट्याचं प्रकरण पुढे दोनशे पानांनी आलं तरी चालेल.

मृत्यूच्या वेळेचा अंदाज लिहिताना घाई नको. आपल्या हवेत शरीर साधारण बारा तासांत पूर्ण ताठरतं, तेवढाच वेळ ताठ राहतं आणि मग सैल पडत जातं. उन्हाळ्यात हे सगळं लवकर, थंडीत उशिरा. ‘दोन दिवस पडून होता’ असं लिहून पुढच्याच ओळीत हात ताठ दाखवले तर ते खोटं ठरतं. विषाची शंका असेल तर व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून प्रयोगशाळेकडे जातो आणि कारणाच्या रकान्यात ‘मत राखून ठेवले’ एवढंच येतं. कथेला हे फार उपयोगी आहे, कारण ते राखून ठेवलेलं मत येईपर्यंत गाव आपलं मत बनवून मोकळं झालेलं असतं.

नातेवाईक मिळाले नाहीत की फोटो आणि वर्णन दुसऱ्या ठाण्यांना जातं, हरवलेल्यांच्या नोंदींशी ताडलं जातं. अनोळखी प्रेत पुष्कळदा जाळण्याऐवजी पुरतात, कारण पुढे वारस आला तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ते उकरून ओळख पटवता येते. काही देह १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याखाली वैद्यकीय महाविद्यालयाकडेही जातात. म्हणजे जन्मभर ज्याला कुणी शिवलं नाही, त्याच्या देहावर विद्यार्थी हात ठेवून शिकतात. हा प्रसंग घेतलात तर विद्यार्थ्याच्या तोंडी तत्त्वज्ञान घालू नका. मनगटावरचं गोंदण त्याने वाचलं, बस झालं.

दुसऱ्या टोकाला, दूरच्या एखाद्या गावात, अनुसया असेल. बेपत्ता माणसाची सात वर्षं काही खबर आली नाही तर कायदा त्याला मृत मानू शकतो; तोवर त्याची बायको ना सधवा ना विधवा. इकडे पुरून सहा महिने झालेत आणि तिकडे कुंकू अजून कपाळावर आहे, या दोन घड्याळांवर अख्खी कादंबरी तोलता येते.

बाजूला कुणी टाकलं, कधी टाकलं

‘वंचित’ या एका शब्दात सगळ्यांना कोंबू नका. प्रत्येकाला बाजूला टाकण्याची रीत वेगळी आणि तारखा वेगळ्या, त्यामुळे त्याच्या मरणाच्या आठवणीही वेगळ्या निघतात.

अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. त्यातून मुक्तता ३१ ऑगस्ट १९५२ ला. मयत त्या जमातींतला, १९४० च्या सुमाराचा आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे त्या जमातींना डांबलेल्या वस्तीत, वाढलेला असेल, तर लहानपणी त्याने तारेचं कुंपण आणि मोठ्यांची हजेरी पाहिलेली आहे. म्हातारपणीही कुणी मोठ्याने नाव पुकारलं की तो उठून उभा राहील. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं २०१९ मध्ये. अशा माणसाच्या घरी त्याचा फोटो भिंतीवर नसतो. तो असतो ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली. तृतीयपंथी व्यक्ती गेली तर देहावर दोन दावे उभे राहतात, घरातून हाकलणाऱ्या रक्ताच्या नात्याचा आणि सांभाळणाऱ्या गुरूचा. मृत्यूच्या दाखल्यावर कोणतं नाव चढतं, यावरून त्या कादंबरीचा निकाल ठरतो.

आणि गटारात उतरून गुदमरलेला सफाई कामगार. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली. रक्कम आली की आठवणींना वारस फुटतात: दहा वर्षं न बोललेला भाऊ ‘आमचा दादा’ म्हणू लागतो. त्याला लोभी ठरवून मोकळे होऊ नका. त्याच्यावरही कर्ज असू शकतं, आणि दादा त्याला खरंच आठवत असू शकतो.

आठवणारे

कादंबरीचं खरं काम इथे आहे. चार किंवा पाच आठवणारे ठरवा. सहाव्यापासून वाचक नावं विसरायला लागतो. प्रत्येकासाठी वहीत एक पान करा आणि त्यावर तीन गोष्टी लिहा: याने मयताला प्रत्यक्ष काय करताना पाहिलं, याने काय नुसतं ऐकलं, आणि मयत कसा माणूस होता म्हणजे याला रात्री झोप लागेल. तिसरी गोष्ट सापडत नाही तोवर त्या माणसाचं प्रकरण लिहायला बसूच नका. चहावाल्याला म्हातारा दारुडा असायला हवा आहे, म्हणजे आपण हटकलं ते बरोबर ठरतं. स्टँडसमोरच्या बाईला तो कुणा मोठ्या घरचा असायला हवा आहे, कारण तिने त्याला वर्षभर भाकरी दिली आणि ते पुण्य वाया जायला नको. दोघंही खोटं बोलत नाहीत.

आठवण काळाबरोबर रंग बदलते, तिचे टप्पे नीट लावा. पहिल्या दिवशी कुजबुज असते आणि तीच सत्याला सगळ्यात जवळ असते. मग ‘मेलेल्याचं वाईट बोलू नये’ हा नियम लागू होतो आणि तेराव्यापर्यंत माणूस धुऊन स्वच्छ होतो. वर्षभराने त्याची दंतकथा होते किंवा तो साफ पुसला जातो. एकच प्रसंग, समजा म्हाताऱ्याने एका पोरावर पक्कड उगारली होती, या तिन्ही टप्प्यांवर सांगून बघा: पहिल्या दिवशी ‘डोकंच फोडणार होता’, तेराव्याला ‘मस्करी करायचा पोरांशी’, वर्षाने ‘त्यानेच त्या पोराला मोटारीखालून ओढलं’. आणि त्या पोराचं म्हणणं मात्र कुठेच लिहू नका.

विधीही असेच वापरायचे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की माणसं मोठ्याने वचनं देतात, पोरांना सांभाळू, कर्ज फेडू, आणि कावळ्याची वाट बघतात. ज्याचं कुणीच नाही त्याचा दहावा कुणी घातला, तर वचन काय द्यायचं? त्याला काय हवं होतं हे उपस्थितांपैकी एकालाही माहीत नाही. घाटावर पाच माणसं अंदाज बांधत उभी आहेत आणि कावळा फांदीवर. एवढा प्रसंग सावकाश, सात-आठ पानं लिहा. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावून उरकलं जातं, तोही पर्याय मोकळा ठेवा. मात्र मयताच्या जमातीत पुरण्याची रीत असेल, तर त्याचे विधी त्या लोकांकडूनच समजून घ्या. तुमच्या घरचे त्याच्यावर लादू नका.

जागेचा विचार करताना चोखोबांकडे बघा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळून १३३८ मध्ये चोखोबा गेले. परंपरा सांगते की ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती नामदेवांनी वेचून पंढरपूरला आणली. समाधी झाली ती महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर देऊळ सगळ्यांना उघडलं, तोवरची सहाशे वर्षं चोखोबांचे लोक त्या समाधीपर्यंतच येऊ शकत होते. हाडं कुणी ओळखली, ती कुठवर आणली, कुठे थांबवली, हे तीन प्रश्न तुमच्या मयताबद्दलही विचारा. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, पाहिलीत तर तिच्यावर खाली लढाई, मध्ये अप्सरा आणि वर शिवपूजा अशी चढती मांडणी दिसते. गाव ज्याला आपला मानतं त्याच्या मरणाला दगड मिळतो. ज्याला दगड नाही, त्याच्या जागी गावात काय उरलं? भिंतीवर टेकल्याचा तेलकट डाग उरला असेल तर तोच लिहा.

बिघडतं कुठे

मयत संत होतो, हे सगळ्यात मोठं दुखणं. त्याला किमान एक खरा दोष द्या, असा की ज्याने कुणाचं तरी नुकसान झालंय आणि ते भरून निघालेलं नाही. दुसरं दुखणं, शहरातून आलेला शिकलेला तरुण त्याचा ‘शोध’ घेतो आणि पानोपानी स्वतःच बदलत जातो. मग पुस्तक त्याचं होतं. असा शोधक टाळता येत नसेल तर त्याला एकूण पानांच्या सहाव्या हिश्शात बसवा. तिसरं, बोली. ‘हाय’, ‘न्हाय’ पेरली की बोली होत नाही. वाक्याचा क्रम, शिव्यांची जागा, नात्याने हाक मारायची तऱ्हा ऐकून घ्या. शुद्धलेखन मोडणं हा शेवटचा भाग. जातिवाचक शिवी पात्राच्या तोंडी जिथे ती खरोखर निघेल तिथेच येऊ द्या, निवेदनात कधीच नको.

घाणीचं वर्णन एकदाच करा. रोज त्यात राहणाऱ्याला तिचा वास येत नाही. दर प्रकरणात वास आला तर तो लेखकाच्या नाकाला येतोय.

पहिला खर्डा झाला की मयताचं वाक्य येतं ती प्रत्येक जागा पेन्सिलने खुणावा. तो स्वतः बोलतो अशी वाक्यं दहा-बाराहून जास्त नसावीत, आणि त्यांतली निम्मी कामाची असावीत: ‘काडी मोडलीय, उद्या या.’ मग तारखांचा तक्ता करून तपासा. पंचनामा, दफन, मृत्यूची नोंद (कायद्याप्रमाणे ती एकवीस दिवसांत व्हायला हवी), पावसाची सुरुवात, हे एकमेकांत बसतंय का? छत्रीवाला मार्चमध्ये गेला तर लोकांना त्याची उणीव भासायला जून उजाडेल, आणि ते तीन महिने कादंबरीला पुरून उरतात.

शेवट शोधताना पुतळा, सभा, जत्रेएवढी अंत्ययात्रा यांपैकी काही नको. पंचनाम्यातल्या त्या तीन छत्र्यांकडे परत जा. त्या म्हाताऱ्याच्या नव्हत्या, दुरुस्तीला आलेल्या होत्या. कोणती कुणाची हे फक्त त्याला ठाऊक होतं. मुद्देमालाच्या खोलीत त्या पडून आहेत. पहिल्या पावसात एक बाई ठाण्यात येते आणि म्हणते, ‘माझी छत्री होती हो त्यांच्याकडे. काळी, लाकडी मुठीची.’ हवालदार तिन्ही बाहेर काढतो. तिन्ही काळ्या, तिन्ही लाकडी मुठीच्या. ती एकेक उघडून बघते. तिसरीची मोडलेली काडी नव्या तारेने बांधलेली आहे, गाठ बारीक आणि आतल्या बाजूला वळवलेली, कापडाला लागू नये म्हणून. तिने अजून पैसे दिलेले नाहीत.