स्वमग्न मूल, कूलर आणि लग्नसराई: या चुका टाळा

गेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात घरात कूलर लागला आणि माझा पाच वर्षांचा स्वमग्न (ऑटिझम असलेला) पुतण्या तीन रात्री झोपलाच नाही. कान दाबून भिंतीवर डोकं आपटायचा. हट्ट समजून आम्ही त्याला दोनदा धपाटे घातले. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. त्याला सहन होत नव्हती ती लोखंडी कूलरची घरघर. कूलर खिडकीबाहेर नेला, पायांखाली रबराचे तुकडे सरकवले, आणि चौथ्या रात्री तो झोपला.

म्हणून पहिली विनंती: रडणं दिसलं की लगेच शिस्त लावायला जाऊ नका. हट्टाने रडणारं मूल मध्येच आपल्याकडे बघतं, हवं ते मिळालं की बहुतेक वेळा थांबतं. असह्य होऊन कोसळलेलं मूल आवडती वस्तू हातात दिली तरी थांबत नाही. अशा वेळी प्रश्न विचारू नका, समजावत बसू नका. शांत, कमी उजेडाच्या खोलीत न्या. नंतर वहीत लिहा: रडण्याआधीच्या अर्ध्या तासात कोणता आवाज, वास, उजेड, कपडा, गर्दी होती? आमच्या वहीत दुसरं कारण सापडलं ते शर्टाच्या कॉलरमागचं लेबल. कापून टाकलं, सकाळची रडारड संपली.

‘सवय होईल’ म्हणून मुलाला हळदीच्या डीजेसमोर उभं करू नका. अशी सवय होत नाही, भीती मात्र बसते. स्पीकरपासून लांब बसा, आवाज अडवणारे हेडफोन लावा, मांडवाचे फोटो आधी दाखवा आणि परत निघायची वेळ ठरवूनच जा. नातेवाईक नाराज झाले तर होऊ द्या.

उलटी बाजू पटकन लक्षात येत नाही. काही मुलांपर्यंत संवेदना कमी पोचते. चटका बसला तरी रडत नाहीत, सतत गोल फिरतात, घट्ट मिठी मागतात. काहींना तहान कळतच नाही, काहींना ती सांगता येत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा ‘मागेल तेव्हा पाणी देऊ’ ही धोक्याची चूक आहे. घड्याळ बघून पाणी पाजा, लघवीचा रंग बघा, तापलेल्या गच्चीवर अनवाणी जाऊ देऊ नका.

जेवणात भरताचा लिबलिबीतपणा नको असेल तर तोंडात कोंबू नका, ताटात बाजूला घासभर ठेवा. मूल दोन-चार पदार्थांवरच आलं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यात महागात पडतं ते थांबणं. आमची आजी म्हणायची, “त्याना बाप बी उशिराच बोलना व्हता.” त्यात आमचं वर्ष गेलं. वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कानांची तपासणीही करून घ्या. लसीमुळे स्वमग्नता होते असं सुचवणारा 1998 चा लेख त्याच नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला, तेव्हा लसीकरण थांबवू नका. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या शीघ्र निदान केंद्राची चौकशी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. निदान झालं की प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, लोक काय म्हणतील म्हणून तो लांबवू नका.