भिंगवाला चाकू घेताय? आधी भिंग तपासा

चाकूबद्दल फार बोलत नाही. पातं उघडल्यावर डुगडुगता कामा नये आणि नखाने उघडता आलं पाहिजे. झालं. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचाच हवा असेल, तर 91 मिलिमीटर लांबीच्या ‘एक्सप्लोरर’मध्ये भिंग असतं, जवळपास तशाच दिसणाऱ्या ‘क्लाइंबर’मध्ये नसतं. ‘स्विसचॅम्प’मध्येही असतं, पण ते 33 कामांचं धूड खिशात घालून पर्वती चढून दाखवा.

आता भिंग. ‘दहापट मोठं दिसतं साहेब’ हे वाक्य कानाआड करा. मी बोहरी आळीतून असाच एक ‘दहापट’ चाकू आणला होता. वेताळ टेकडीवर काळ्या दगडाच्या पोकळीतले बारीक स्फटिक बघायला गेलो, तर सगळं धुरकट. भिंगाला शिव्या घालत दोन वर्षं काढली. एकदा भूगर्भशास्त्र शिकलेल्या मित्राने माझा हात धरून भिंग थेट पापण्यांपाशी नेलं आणि दगड जवळ आणला. लख्ख दिसलं! मी इतके दिवस भिंग दगडावर धरून हातभर लांबून बघत होतो, सिनेमातल्या गुप्तहेरासारखा. लहान भिंग तसं वापरायचंच नसतं. मात्र डोळ्याशी नेण्याआधी बाकीची सगळी पाती मिटवा. माझ्या नाकावरचा ओरखडा उगाच नाही.

पण दहापट? ते दुकानातच मोजता येतं. दाराकडे भिंग धरून पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर समोरच्या इमारतीची उलटी प्रतिमा पाडा. ती स्पष्ट झाली की भिंग आणि कागदातलं अंतर मोजा आणि 25ला त्या सेंटिमीटरांनी भागा. पाच सेंटिमीटर आलं तर पाचपट. माझं तेवढंच निघालं. दहापटीला अडीच सेंटिमीटर यायला हवं होतं. अर्थात पाचपट पुरते. इतक्याशा भिंगात उगाच जास्त पटीच्या मागे लागू नका, वस्तू अगदी नाकाला चिकटवावी लागते.

मग पाचशेची नोट काढा. तिच्यावरची ‘भारत’ ही सूक्ष्म अक्षरं वाचता आली पाहिजेत, तीही काठाशी वेडीवाकडी न होता. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे.

प्लास्टिकचं भिंग नको. खिशात चाव्यांशेजारी राहून चरे पडतात.

विमानाने जाताना चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत राहिला तर लोहगाव विमानतळावर तो तिथेच सोडावा लागेल.