घरच्या मातीकामाच्या भट्टीला सोलर जोडायचं असेल तर (खास कोकणातल्यांसाठी)

सोलरवर भट्टी चालते का, असं बरेच जण विचारतात, आणि सगळ्यांच्या डोक्यात चित्र एकच असतं की छपरावर पॅनल आणि तिथून वायर थेट भट्टीला. तसं करायला जाऊ नका. भट्टी चालते, आमची चालतेय, पण मध्ये महावितरणचं मीटर लागतंच आणि ते का लागतं हे आधी नीट समजून घ्या.

आमची भट्टी छोटी, आतून साधारण ३५ सेंटीमीटर लांब-रुंद-उंच, ३ किलोवॅटची, सिंगल फेजवर. वीसेक मग बसतात. पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, ९५०-१००० डिग्रीची, आठ-नऊ तास चालते आणि १४-१५ युनिट घेते. ग्लेझची, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप वितळवायची दुसरी भाजणी, १२२० पर्यंत न्यायची तर २० ते २४. तुमच्या भट्टीचा आकडा वेगळा येईल, म्हणून तिच्या लाईनवर एक सब-मीटर बसवून घ्या, दोन-तीन भाजण्यांचं रीडिंग वहीत लिहून ठेवा आणि मगच पॅनलवाल्याला बोलवा, नाहीतर तो सांगेल तेवढी पॅनल घेऊन बसाल. आणि आपली लाल माती वापरत असाल तर १२०० च्या नादाला लागूच नका, तिच्यात लोह भरपूर, ती ११०० च्या वर फुगते नाहीतर बसते. १०००-१०५० ला छान पक्की होते आणि युनिट पण वाचतात. आधी एक छोटी फरशी भाजून बघा. ग्लेझ मात्र खाण्यापिण्याच्या भांड्यांना शिसं नसलेलंच घ्या.

आता थेट का नाही ते सांगतो. ३ किलोवॅटची पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट देतात, बघायला हिशोब जवळपास जुळतो, पण वेळ जुळत नाही. ऊन जोरात असतं अकरा ते दोन, आणि भट्टीला सगळ्यात जास्त जोर लागतो शेवटच्या दोन-तीन तासांत, म्हणजे सकाळी सातला लावलीत तर दुपारी तीन-चारला, जेव्हा ऊन उतरायला लागलेलं असतं. त्यात समुद्रावरून एक मळभ आलं की पॉवर निम्म्यावर, आणि ग्लेझ ऐन वितळायच्या वेळी तापमान अडकून बसतं. बॅटरीचं म्हणाल तर १२ व्होल्ट १५० एएचची एक बॅटरी म्हणजे १.८ युनिट, तिच्यातलं निम्मंच वापरायचं, नाहीतर ती लवकर मरते, मग एका बिस्कला सोळा-सतरा बॅटऱ्या! त्यापेक्षा नेट मीटरिंग. दिवसा पॅनलची वीज लाईनवर जाते, भट्टी तुम्ही हवी तेव्हा लावता, आणि बिलात दोन्हीची वजावट होते. घरगुती कनेक्शनला पीएम सूर्यघर योजनेत (२०२४ पासून) ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे. भांडी विकत असाल तर कनेक्शन कुठल्या प्रकारात धरतात ते आधी ऑफिसात विचारा, आणि भट्टीचा लोड मंजूर लोडमध्ये बसतो का तेही.

कोकणात खरी गंमत वर्षाच्या हिशोबात आहे. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात आणि ३१ मार्चला खातं मिटतं, उरलेल्याचे पैसे मिळतात पण अगदी कमी दराने. म्हणजे एप्रिल-मेचं कडक ऊन नवीन वर्षाच्या सुरुवातीलाच जमा होतं आणि जून ते सप्टेंबर, पॅनल निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आलेली असताना, त्याच शिलकीवर भट्टी चालते. उलट हिवाळ्यात साठलेले युनिट फेब्रुवारी-मार्चमध्ये वापरून टाका. आम्ही मोठ्या भाजण्या तेव्हाच काढतो.

एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. लाईट गेली की कडक ऊन असलं तरी पॅनलची वीजही बंद होते, कारण लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र) स्वतःच थांबतो. त्यामुळे देखभालीसाठी लाईट बंद असते त्या वारी भट्टी लावू नका. बिस्क मध्येच थांबली तर काही बिघडत नाही, झाकण न उघडता लाईट आल्यावर परत चढवा, ग्लेझची मात्र दिवस बघूनच लावा.

वायरिंगमध्ये कंजूसी नको. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर आणि तेही तासनतास, त्यामुळे साध्या सॉकेटवर नाही, मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर, २० अँपिअरचा एमसीबी आणि आरसीसीबी (वीज कुठे गळली की लाईन तोडणारा स्विच). अर्थिंग आपल्याकडे नाजूक विषय, जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं, म्हणून खड्डा खोल घ्यायला सांगा आणि मार्चपासून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. भट्टी पडवीत वाशांखाली नको, चिऱ्याच्या वेगळ्या खोपीत, लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून दीड फूट लांब ठेवा. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट थर येतो, सैल जोड तापतो आणि जळतो, तेव्हा दोन महिन्यांनी मेन बंद करून स्क्रू तपासा.

पॅनल माडाच्या सावलीत आणि माडाखाली दोन्हीकडे नकोत, नारळ एकच पडला तरी पुरे. जुन्या कौलांवर फ्रेम चढवू नका, स्लॅब असेल तर स्लॅबवर, नाहीतर खळ्यात पक्क्या पायावर, तोंड दक्षिणेला आणि उतार १५-२० अंश. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते वादळ बघितलेल्याला वाऱ्याचं वेगळं सांगायला नको. नट-बोल्ट स्टेनलेसचेच घ्या आणि खाऱ्या हवेची चाचणी झालेली पॅनल मागून घ्या. ऑक्टोबरनंतर पाऊस नसतो तेव्हा मिठाचा पातळ थर बसतो, पंधरा दिवसांनी सकाळी थंड असतानाच गोड्या पाण्याने धुवा.

राहिला पावसाळा. आमच्या पहिल्या पावसातली अख्खी बिस्क फुटली होती, भांडी वरून कोरडी दिसत होती पण आत ओल होती. जुलैत माती हवेवर सुकतच नाही. आता आधी रिकामी भट्टी दोन तास १५० वर ठेवून विटांची ओल काढतो, निवली की भांडी भरतो, रात्रभर ८०-९० डिग्रीवर झाकणाला बोटभर फट ठेवून सुकवतो, यात दोन-तीन युनिट जातात ते जाऊ द्या. सकाळी फटीजवळ क्षणभर थंड स्टीलची ताटली धरा. वाफ धरली तर अजून दोन तास तसंच राहू द्या, ताटली कोरडी राहिली की झाकण लावून हळूहळू चढवायला घ्या, आणि ५७३ च्या आसपास तर अजिबात घाई नको, तिथे मातीतली वाळू एकदम फुगते.