कडकनाथ-गावरान संकर: काळी पिल्लं हवीत तर आधी कोंबडीचे पाय बघा

"कडकनाथच्या दोन-चार कोंबड्या घ्या, त्यांच्यात आपला गावरान कोंबडा सोडा, निम्मं रक्त आलं की पिल्लं काळीच होतात." हा सल्ला जागोजागी मिळतो आणि तो चुकीचा आहे. अशा जोडीतून बहुतेक वेळा फिक्या कातडीची पिल्लं निघतात आणि मग कडकनाथ विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली जातात. विकणारा दर वेळी खोटा नसतो, बऱ्याचदा जोडीच उलटी लागलेली असते.

काळ्या कातडीमागे दोन जनुकं आहेत. पहिलं कातडी, मांस, हाडांवरचं आवरण आणि आतले अवयव काळे करतं. याला काळं जनुक म्हणू. ते प्रभावी आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आलं तरी काम करतं. चीनची सिल्की, इंडोनेशियाची अयाम चेमानी आणि आपला मध्य प्रदेशातल्या झाबुआचा कडकनाथ या सगळ्या कोंबड्यांच्या जातींत हेच जनुक आहे. दुसरं जनुक रोधक. तेही प्रभावी आहे आणि कातडीच्या खालच्या थरात काळा रंग साठू देत नाही. ते झेड या लिंग-गुणसूत्रावर, म्हणजे नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर, बसतं. कोंबड्याला दोन झेड असतात, कोंबडीला एक झेड आणि एक डब्ल्यू. त्यामुळे कोंबडी आपला झेड फक्त मुलग्यांना देते, मुलींना झेड मिळतो तो बापाचाच. बेटसन आणि पनेट या ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञांनी 1911 मध्ये सिल्कीवर हेच दाखवलं होतं. तरी आपल्याकडे अजून "रक्त किती टक्के" असाच हिशेब चालतो.

कडकनाथकडे काळं जनुक दुहेरी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेलं, असतं आणि रोधक अजिबात नसतो. फिक्या पायाच्या गावरान पक्ष्याकडे काळं जनुक नसतं आणि रोधक असतो. म्हणून कोंबडा कडकनाथ आणि कोंबडी गावरान, हीच जोडी लावायची. उलटी लावली आणि गावरान कोंबड्याच्या दोन्ही झेडवर रोधक असला, तर एकूण एक पिल्लू फिकं.

कोंबडा

पिसांवर जाऊ नका. पिसांचा रंग वेगळ्या जनुकांवर ठरतो: ऑस्ट्रेलॉर्प जातीचा पक्षी काळाकुट्ट असून कातडीने पांढरा असतो, पांढरी सिल्की आतून काळी असते. चोच उघडून जीभ बघा, पंख उचलून खालची कातडी बघा, तळपाय बघा. तुरा जांभळट-काळा हवा, लालभडक असेल तर तो कोंबडा सोडा. रक्त आणि अंडं यांवरून पारख करू नका. कडकनाथचं रक्त लालच असतं आणि अंडं फिकट बदामी. "काळं अंडं" दाखवणाऱ्याकडून काहीच घेऊ नये.

कोंबड्या

इथे नडगीचा, म्हणजे पायाच्या पिसांविना भागाचा, रंग बघायचा. नडगी पांढरी, गुलाबीसर किंवा पिवळी असेल तर रोधक आहे. पाटीसारखी निळसर-करडी किंवा हिरवट असेल तर नाही. हिरवट का? आतला थर काळा आणि वरची त्वचा पिवळी असली की एकत्र हिरवट दिसतं. वरची त्वचा पांढरी असेल तर तोच काळा थर निळसर दिसतो. भरपूर अंडी घातलेल्या कोंबडीचे पिवळे पाय फिके पडतात, त्याने काही बिघडत नाही, फिके म्हणजे रोधकवालेच. अंगभर काळ्या पिसांची कोंबडी मात्र या कामाला घेऊच नका. पिसांचा काळेपणा नडगीवरही उतरतो आणि आतलं काही कळत नाही.

सगळीच पिल्लं काळी हवी असतील तर निळसर नडगीच्या कोंबड्या निवडा. पहिल्या दिवशी नर-मादी ओळखायची असेल तर फिक्या नडगीच्या. त्यांच्या मुली बापासारख्या काळ्या निघतात, मुलग्यांना आईचा रोधक मिळतो आणि ते फिके राहतात. दोन्ही प्रकारच्या कोंबड्या एका खुराड्यात ठेवल्यात तर निकाल वाचता येणार नाही.

एका कोंबड्यामागे सहा ते आठ कोंबड्या पुरतात. जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे थांबा, मगच उबवणीसाठी अंडी गोळा करा. कोंबडीच्या अंगात आधीच्या नराचं वीर्य दोन ते तीन आठवडे टिकतं. "चार दिवस पुरे" म्हणणाऱ्यांची पिल्लं कुणाची, ते त्यांनाही माहीत नसतं.

उबवणी नेहमीचीच. खुडूक कोंबडी असेल तर तिच्याखाली, नाहीतर मशीनमध्ये 37.5 अंशांवर 21 दिवस. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत.

पिल्लू ओळखणं

लव सुकली की उजेडात धरा. लवेचा रंग बघायचा नाही. पोटावरची लव फुंकरीने बाजूला करून कातडी बघा, मग जीभ, मग पंखाखाली. काळी मादी शाईत बुडवल्यासारखी दिसते. रोधकवाला नर अगदी स्वच्छ नसतो, कातडीवर थोडे करडे डाग असतात, आणि त्यांनाच बघून लोक त्याला "मध्यम काळा" म्हणून वेगळा भाव लावतात. तो फिकाच धरायचा. पायात रंगीत कडं घाला आणि आठ आठवड्यांनी पुन्हा बघा.

फिक्या पायाच्या कोंबडीपासून काळा नर निघाला तर कोंबडीची नडगी तुम्ही चुकीची वाचलीत. तिच्याकडे एकच झेड आहे, त्यावर रोधक असता तर प्रत्येक मुलग्यात उतरला असता. फिकी मादी निघाली तर एकतर कोंबडा अस्सल नाही, किंवा जुन्या कोंबड्याचं वीर्य शिल्लक होतं. पहिला दोष कोंबडी बदलून सुटतो, दुसऱ्यासाठी आधी तीन आठवडे मोजा, मग कोंबड्यावर संशय घ्या.

पुढची पिढी, आणि जिथे सगळे फसतात ती चाचणी

फिक्या पायाच्या कोंबडीपासून झालेली पहिल्या पिढीची भावंडं एकमेकांत लावू नका, आठात सरासरी तीनच पिल्लं काळी मिळतात. काळ्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, ठेवा आणि दुसऱ्या घरातल्या कडकनाथ कोंबड्याला द्या, बापालाच नको. आता प्रत्येक पिल्लू काळं निघेल. इथेच लोक "शुद्ध झालं" म्हणून थांबतात आणि फसतात. या काळ्या पिल्लांपैकी सरासरी निम्म्यांकडे काळं जनुक दुहेरी असतं, निम्म्यांकडे एकेरी, आणि दिसायला दोन्ही सारखीच. एकेरीवाला कोंबडा पैदाशीला ठेवला की तुमच्या कळपात दोन पिढ्यांनी फिकी पिल्लं डोकं वर काढतात आणि ती कुठून आली याचा पत्ता लागत नाही.

म्हणून कोंबडा तपासायचा. त्याला निळसर नडगीच्या, पण लाल तुरा आणि फिकी कातडी असलेल्या दोन-तीन गावरान कोंबड्यांवर सोडा. तो एकेरी असेल तर सरासरी निम्मी पिल्लं फिकी येतील. एक जरी फिकं पिल्लू आलं तरी निकाल लागला, कोंबडा बाद. पाचही पिल्लं काळी आली तरी एकेरी कोंबडा सुटण्याची शक्यता 32 मध्ये 1 उरते, सात पिल्लांना 128 मध्ये 1. दहा पिल्लं बघितल्याशिवाय पैदाशीचा कोंबडा पक्का करू नका. फिक्या पिल्लाची नडगी पुढे निळसर होईल, त्याला काळं समजू नका. जीभ आणि पोट बघा.

ही चाचणी फिक्या पायाच्या माद्यांवर कधीच घेऊ नका. त्यांचे मुलगे रोधकामुळे फिकेच येणार, बाप कितीही अस्सल असो. चांगले कोंबडे अशाच चाचणीत नापास ठरून कापले जातात. मोजायच्या फक्त मुली, आणि फिक्या पिल्लांतल्या मुली ओळखेपर्यंत महिने जातात.

मादी तपासायची असेल तर कोंबडा निळसर नडगीचा, फिक्या कातडीचा गावरान घ्या. त्याची नडगी निळसर आहे म्हणजे दोन्ही झेड रोधकाविना आहेत. फिक्या पायाचा कोंबडा घेतलात तर पिल्लं फिकी येतील आणि चूक कोंबडीच्या माथी बसेल. प्रत्येक अंड्याच्या बोथट टोकावर कोंबडीचा क्रमांक पेन्सिलीने लिहा. शाई नको, कवचात मुरते.

हात बसवायचा असेल तर लावे

कोंबडीची एक पिढी म्हणजे सहा महिने. जपानी लावा म्हणजेच बटेर 17-18 दिवसांत फुटतो आणि सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतो. त्याच्यात तपकिरी पिसांचं एक जनुक झेडवरच असतं, पण सुप्त, म्हणजे प्रभावी जनुकासमोर दबून राहणारं. तपकिरी नर आणि रानरंगाची मादी लावली की मुली तपकिरी, मुलगे रानरंगाचे. उलट लावली, आणि रानरंगाच्या नरात तपकिरी लपलेलं नसलं, तर सगळी पिल्लं रानरंगाची. एकाच रंगाचे लावे असतील तर तीन आठवडे थांबून छाती बघा: नराची सलग तांबूस, मादीची ठिपक्यांची.