गच्चीवरची काचेची खोली: पाणी कुठून येत होतं?

गंगापूर रोडला आमच्या घराची गच्ची पश्चिमेला. पावसाळ्यात झड थेट आत. आधीच्या सागवानी खिडक्या दर आषाढात फुगायच्या, लोखंडी जाळी गंजलेली. म्हणून तिथे यूपीव्हीसीच्या चौकटींची काचेची खोली करून घेतली. हे प्लास्टिक गंजत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही, रंगही नको.

तरी पहिल्याच पावसात सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी साचून फरशीवर आलं. आईंनी रात्रभर फडकी पिळली. मला फार वाईट वाटलं.

फटी बुजवायचं सिलिकॉन पुन्हा भरा, असं सगळे सांगत होते. दोष नेमका तिथेच होता! सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी शिरतंच. ते बाहेर जायला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात. कारागिराने तीच सिलिकॉनने बुजवली होती. ब्लेडने मोकळी केली, तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, लगेच बाहेर वाहिलं. बाहेरच्या कठड्यालाही उतार करून घेतला.

काचांवर आतून दव धरायचं, ते धरू नये म्हणून समोरासमोरच्या दोन वरच्या झडपा उघड्या ठेवतो. देखभाल एवढीच: मृगाआधी पट्टीतली माती ब्रशने काढणं, साबणाच्या पाण्याने पुसणं.